आतलं नाव, बाहेरचं नाव: सहकारी बँकेच्या नेटवर्कसाठी डोमेनची आखणी

रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सगळ्या बँकांना आपला इंटरनेटवरचा पत्ता '.बँक.इन' वर न्यायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. नोंदणीचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. हेतू सरळ होता: बँकेच्या नावाशी मिळतीजुळती खोटी संकेतस्थळं काढून लोकांना फसवणं अवघड व्हावं. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका पुष्कळ, त्यामुळे हा बदल इथे गावोगावी करावा लागला. कागदावर तो एका नावाचा होता. पण ज्या बँकांचं आतलं नेटवर्क, म्हणजे खाती आणि संगणक एकत्र सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी, जुन्या .कॉम नावावरच उभं होतं, त्यांच्यापुढे प्रश्न आला की आता आतलंही नाव बदलायचं का? बदलायचं नाही. आणि नव्याने उभारणी करताना हा प्रश्न पडणारच नाही अशी आखणी करता येते, ती पुढे दिली आहे.

बाहेरचं नाव बदलू शकतं. नियम बदलतो, बँकेचं विलीनीकरण होतं, नावातला एखादा शब्द जातो. आतलं नाव मात्र एकदा पाचशे संगणक त्याला जोडले की जवळजवळ कायमचं होतं. म्हणून दोघांची गाठ मारायची नाही.

समजा ४० शाखा, मुख्य कार्यालय, एक डेटा सेंटर आणि एक पर्यायी केंद्र असलेली बँक आहे. लेखात 'नमुना' शब्द असलेली डोमेनं फक्त उदाहरणासाठी आहेत. नावं वाचण्यासाठी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच जातील.

आधी यादी

नवं नाव सुचण्याआधी जुनी नावं शोधा. चार कोऱ्या रकान्यांचा तक्ता करा: नाव, ते कुठे नोंदलं आहे, कोण वापरतं, मुदत कधी संपते. त्यात एवढं तरी यायला हवं:

१. बँकेच्या नावावर असलेली सगळी डोमेनं. जुन्या जाहिरातीसाठी घेतलेलं किंवा कुणीतरी चुकीच्या स्पेलिंगसह घेऊन ठेवलेलंही.
२. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्याचा मालक. खातं वेबसाइट करून देणाऱ्याच्या ईमेलवर असेल, तर सगळ्यात आधी ते बँकेच्या नावावर आणा. त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की पासवर्ड बदलायची मेलही पोहोचत नाही.
३. बाहेरच्या झोनमधल्या, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या यादीतल्या, सगळ्या नोंदी: संकेतस्थळ, नेटबँकिंग, मेल, मेल खरी असल्याची खूण देणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि वेगवेगळ्या सेवांनी मालकी पडताळायला टाकायला लावलेल्या टेक्स्ट नोंदी.
४. आतल्या डीएनएसमधले, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतले, झोन, फॉरवर्डर (बाहेरच्या नावांची विचारणा ज्यांच्याकडे पुढे जाते ते सर्व्हर) आणि हाताने घातलेल्या नोंदी.
५. जिथे नाव थेट लिहून ठेवलं आहे अशा जागा: कोअर बँकिंगच्या कॉन्फिगरेशन फायली, एटीएम स्विचशी जोडणी, एसएमएस गेटवे, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, स्कॅन करून मेल पाठवणारे झेरॉक्स मशीन.

पाचवा मुद्दा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि नेमका तोच वगळला जातो. नाव बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ व्यवस्थित दिसतं, पण शाखेतून स्कॅन केलेला केवायसीचा कागद मेलवर येत नाही, तो याच मुद्द्यातून निसटलेला असतो.

आतल्या नावाचे पर्याय

पाच पर्याय पुन्हा पुन्हा समोर येतात.

*नमुना.लोकल.* एके काळी मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर स्वतःच .लोकल सुचवायचा, त्यामुळे जुन्या कार्यालयांत हे सर्रास सापडतं. पण २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकाने .लोकल हे मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे ॲपलचं बॉंजूर ज्यावर चालतं त्या पद्धतीसाठी, राखून ठेवलं. मॅक आणि प्रिंटर हे नाव सर्व्हरला न विचारता आजूबाजूच्या यंत्रांना विचारतात. उबुंटू या लिनक्स प्रणालीत तर बऱ्याचदा प्रश्न मल्टिकास्टवरच थांबतो, डोमेन कंट्रोलरपर्यंत, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत, जातच नाही. विंडोज चालतं, लिनक्स चालत नाही आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

*नमुना.लॅनसारखं मनाने ठरवलेलं शेवटचं नाव.* हे आज कुणाचं नाही, उद्या असू शकतं. .डेव्ह आतल्या चाचणीसाठी वापरणाऱ्यांची २०१७ मध्ये अशीच पंचाईत झाली. ते नाव गूगलच्या मालकीचं होतं आणि क्रोमने त्यावर एचटीटीपीएस सक्तीचं केल्यावर आतली साधी पानं उघडेनाशी झाली. 'कॉर्प' या एकाच शब्दाची गोष्ट आणखी बोलकी आहे. जुन्या विंडोज नेटवर्कांत आतलं नाव नुसतं 'कॉर्प' ठेवलं जायचं, त्यामुळे बाहेर नेलेल्या लॅपटॉपांची विचारणा कॉर्प.कॉम या खऱ्या डोमेनकडे जाऊ लागली. त्या नावाच्या मालकाकडे कंपन्यांची आतली रहदारी आपसूक येऊन पडत होती. अखेर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते डोमेन विकत घेतलं. .कॉर्प, .होम आणि .मेल ही नावं कुणालाच द्यायची नाहीत, असं इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २०१८ मध्ये ठरवलं तेही याच टकरींमुळे.

*.इंटर्नल.* जुलै २०२४ मध्ये आयकॅनने हे नाव खासगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलं. चाचणीच्या प्रयोगशाळेला किंवा कॅमेऱ्यांच्या वेगळ्या नेटवर्कला ते ठीक आहे. दोन उणिवा आहेत. त्यावर सार्वजनिक सर्टिफिकेट, म्हणजे सगळ्या ब्राउझरांना मान्य असलेलं ओळखपत्र, कधीच मिळणार नाही, आणि उद्या ज्या बँकेशी विलीनीकरण होईल तिनेही तेच नाव घेतलेलं असू शकतं. जगात एकमेव असल्याची हमी त्यात नाही.

*बाहेर आहे तेच आत.* म्हणजे बाहेरही नमुनाबँक.कॉम आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीही नमुनाबँक.कॉम. याची दुखणी पुढे स्वतंत्र सांगितली आहेत.

*विकत घेतलेल्या डोमेनचं न वापरलेलं उपडोमेन.* हाच घ्या. नमुनानेट.इन असं एक साधं, ग्राहकांना कधीही न दाखवायचं डोमेन नोंदवा आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी एडी.नमुनानेट.इन वर उभी करा. एडी.नमुना.बँक.इन असंही करता येतं आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण बँकेचं नाव आणि नियामकाची रचना या दोन्ही गोष्टी बदलू शकतात, त्यामुळे वेगळं डोमेन जास्त टिकाऊ. वर्षाकाठी एका .इन डोमेनचा खर्च शाखेच्या महिन्याच्या चहापेक्षा कमी येतो.

त्या नावात बँकेचं लघुरूप, शहर किंवा 'सहकारी' यातलं काहीच नसलं तर उत्तम. कंटाळवाणं नाव जास्त टिकतं.

अक्षरं, लांबी आणि नेटबायोस

दोन टिंबांमधला तुकडा ६३ अक्षरांपर्यंत आणि पूर्ण नाव २५३ अक्षरांपर्यंत चालतं. पण तेवढं लांब नेऊ नका. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच वापरा. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, यंत्राच्या नावात टाळा. ती डीएनएसमध्ये सेवांच्या नोंदींसाठी असते.

खरी मर्यादा नेटबायोसची, म्हणजे विंडोजच्या जुन्या नाव-पद्धतीची, आहे: १५ अक्षरं. शाखांना 'कोल्हापूर-ब्रांच-०१' आणि 'कोल्हापूर-ब्रांच-०२' अशी नावं दिलीत तर रोमन लिपीत 'कोल्हापूर-ब्रांच' इथेच बरोबर १५ अक्षरं संपतात. नेटबायोससाठी दोन्ही यंत्रं एकच होतात आणि दुसरं डोमेनला जोडताना पहिल्याचं खातं बिघडतं.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी उभारताना विझार्ड पूर्ण नावाचा पहिला तुकडा नेटबायोस नाव म्हणून सुचवतो. एडी.नमुनानेट.इन असेल तर तो 'एडी' सुचवेल. तिथे 'नेक्स्ट' दाबून पुढे जाऊ नका. नेटबायोस नाव सारखं असलेल्या दोन डोमेनांमध्ये ट्रस्ट, म्हणजे एकमेकांची खाती मानणारं नातं, जोडता येत नाही. विलीनीकरणाच्या वेळी दोन्ही बँकांचं नाव 'एडी' किंवा 'बँक' निघालं तर खाती हलवण्याचा सोपा रस्ता बंद होतो. 'एनएमएननेट' असं काहीतरी वेगळं, पंधरा अक्षरांच्या आतलं द्या.

यंत्रांसाठी शाखेचं गाव नको, शाखा क्रमांक घ्या. शाखा जागा बदलते, क्रमांक बदलत नाही. 'एस०१४-पीसी-०७' म्हणजे चौदाव्या शाखेचा सातवा संगणक. 'एस०१४-पीआर-०१' हा तिथला प्रिंटर. मुख्य कार्यालयाचे सर्व्हर 'एचओ-डीसी-०१', 'एचओ-एफएस-०१'. माणसाचं नाव, विक्रेत्याचं नाव, देवाचं नाव यंत्राला देऊ नका. गणपती आणि मारुती नावाचे सर्व्हर कुठे ना कुठे चालू असतातच, पण रात्री दोन वाजता त्यातला कोणता डेटाबेसचा, हे फोनवर विचारावं लागतं.

फाइल सर्व्हरला 'फायली' असं टोपणनाव द्यायचं असेल तर नुसती सीनेम नोंद (एक नाव दुसऱ्याकडे वळवणारी) पुरत नाही. त्या नावासाठी एसपीएन, म्हणजे डिरेक्टरीतली सेवेची नोंद, नसल्याने कर्बेरोस ही सुरक्षित लॉगिन-पद्धत चालत नाही आणि लॉगिन एनटीएलएम या जुन्या, कमकुवत पद्धतीवर घसरतं. 'नेटडॉम' आज्ञेच्या 'कॉम्प्युटरनेम' आणि 'ॲड' या पर्यायांनी पर्यायी नाव जोडा, म्हणजे एसपीएन आणि डीएनएस दोन्ही जागेवर येतात.

देवनागरीतलं नमुना.भारत नोंदवता येतं. .भारत २०१४ पासून मराठीसह अनेक भाषांसाठी खुलं आहे. ते घ्यायचं तर बाहेरून संकेतस्थळाकडे वळवण्यासाठी. आत ते 'एक्सएन--' ने सुरू होणाऱ्या रूपात दिसेल आणि जुनी सॉफ्टवेअरं अडखळतील.

आतल्या डीएनएसची मांडणी

दोन डोमेन कंट्रोलर मुख्य केंद्रात, एक पर्यायी केंद्रात. तिन्हींवर डीएनएस, झोन ॲक्टिव्ह डिरेक्टरीत साठवलेला. चाळीस शाखांना प्रत्येकी सर्व्हर नको, लीज्ड लाइन किंवा एमपीएलएसवरून विचारणा येऊ द्या.

१. प्रत्येक डोमेन कंट्रोलरच्या नेटवर्क कार्डावर पहिला डीएनएस दुसऱ्या कंट्रोलरचा, शेवटचा १२७.०.०.१.
२. शाखांच्या संगणकांना डीएचसीपीतून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेतून, फक्त आतले दोन पत्ते द्या.
३. बाहेरच्या नावांसाठी डोमेन कंट्रोलरवर दोन फॉरवर्डर. फायरवॉलवर बाहेर जाणारा पोर्ट ५३ फक्त याच सर्व्हरना खुला ठेवा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. टीसीपी बंद ठेवलं तर मोठी उत्तरं अडकतात आणि ठराविक नावंच उघडत नाहीत असा विचित्र दोष दिसतो.
४. एटीएम स्विच किंवा कोअर बँकिंग पुरवणाऱ्याचं खासगी डोमेन असेल तर त्याच्यासाठी कंडिशनल फॉरवर्डर, म्हणजे फक्त त्या नावाची विचारणा त्यांच्या सर्व्हरकडे पाठवणारा. त्यांचा झोन आपल्याकडे हाताने उतरवून घेऊ नका.
५. आत वापरलेल्या प्रत्येक खासगी पट्ट्यासाठी उलटा झोन, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारा. १० ने सुरू होणारे पत्ते असतील तर १०.इन-ॲडर.अर्पा. तो नसला तर आतल्या पत्त्यांची विचारणा इंटरनेटवर जात राहते आणि लॉगमध्ये नावांऐवजी नुसते आकडे दिसतात.
६. जुन्या नोंदी झाडायचं काम, म्हणजे स्कॅव्हेंजिंग, एकाच सर्व्हरवर चालू करा. मूळ मुदती सात अधिक सात दिवसांच्या आहेत. विंडोज डीएचसीपीची मूळ लीज, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, आठ दिवसांची असते, तिच्याशी त्या जुळतात.

दुसऱ्या पायरीत सगळ्यात जास्त लोक चुकतात. 'आतला बंद पडला तर इंटरनेट तरी चालेल' म्हणून शाखेच्या संगणकाला दुसरा डीएनएस ८.८.८.८ दिला जातो. पहिल्याकडून उत्तर यायला क्षणभर उशीर झाला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि काही काळ तिथेच राहतं. तो एडी.नमुनानेट.इन बद्दल 'असं नाव नाही' सांगतो. हे पूर्ण, वैध उत्तर असल्यामुळे संगणक पुन्हा पहिल्याला विचारत नाही. मग सकाळी लॉगिन दोन-तीन मिनिटं लटकतं, ग्रुप पॉलिसी (सगळ्या संगणकांना केंद्रातून दिलेले नियम) लागू होत नाही, रीस्टार्ट केल्यावर सगळं ठीक होतं आणि दोष कुणी शोधत नाही. दुसरा पत्ताही आतलाच हवा.

ब्राउझर स्वतःच एचटीटीपीएसवरून बाहेर डीएनएस विचारू लागले की आतली नावं उघडत नाहीत. हे वर्तन ग्रुप पॉलिसीने बंद करा. फायरफॉक्ससाठी 'यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस.नेट' या नावाला आतल्या सर्व्हरवर 'नाही' असं उत्तर दिलं की तो मूळ सेटिंगमध्ये साध्या डीएनएसवर येतो.

'डब्ल्यूपॅड', म्हणजे संगणक ज्या नावाने प्रॉक्सी आपोआप शोधतात ते नाव, विंडोज सर्व्हर २००८ पासून विंडोजचं डीएनएस मुळातच अडवून ठेवतं. ती यादी उघडू नका. त्या नावाने कुणीही प्रॉक्सी बनून रहदारी वळवू शकतो.

आतबाहेर एकच नाव असेल तर

जिथे ॲक्टिव्ह डिरेक्टरी आधीच नमुनाबँक.कॉम वर आहे तिथे आतले डीएनएस सर्व्हर त्या नावाचे एकमेव अधिकारी समजले जातात. बाहेरच्या झोनमध्ये काय आहे याची त्यांना गंधवार्ता नसते. त्यामुळे वेबवाल्याने 'ऑफर्स' नावाची नोंद बाहेर टाकली की ग्राहकांना ती दिसते, बँकेतल्या कर्मचाऱ्याला नाही. बाहेरची प्रत्येक नोंद आतही हाताने घालावी लागते आणि संकेतस्थळाचा पत्ता बदलला की तोही दोन्हीकडे.

शिवाय 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' न लावता नुसतं नमुनाबँक.कॉम टाइप केलं की आतल्या माणसाला संकेतस्थळाऐवजी डोमेन कंट्रोलरचा पत्ता मिळतो. इथे दोन चुकीचे उपाय केले जातात. एक, कंट्रोलरवर आयआयएस बसवून पुढे ढकलणं. म्हणजे बँकेच्या सगळ्या खात्यांची किल्ली ज्या सर्व्हरवर आहे त्याच्यावरच वेब सर्व्हर. दोन, मुळाची ती नोंद खोडणं. नेटलॉगॉन सेवा ती परत घालते, आणि घातली नाही तर त्याहून वाईट: ग्रुप पॉलिसी याच नावावरून सिसव्हॉल हे नियमांचं फोल्डर उघडते. कर्मचाऱ्यांना 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह बुकमार्क द्या आणि विषय संपवा.

.बँक.इन आल्यावर एक नवी चूक सुरू झाली. नेटबँकिंग सर्व्हर आपल्याच डेटा सेंटरमध्ये असल्याने आतल्यांना त्याचा खासगी पत्ता मिळावा म्हणून डोमेन कंट्रोलरवर नमुना.बँक.इन हा अख्खा झोन तयार केला जातो. झालं, तेच जुनं दुखणं नव्या नावावर. त्याऐवजी झोनच 'नेटबँकिंग.नमुना.बँक.इन' या पूर्ण नावाचा करा आणि त्याच्या मुळावर एकच ए नोंद (नावाचा पत्ता सांगणारी) ठेवा. एवढं एकच नाव आत वेगळं सुटेल, बाकी सगळं बाहेरून येत राहील. विंडोज सर्व्हर २०१६ पासून डीएनएस पॉलिसीने आणि बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये व्ह्यू वापरून हेच साधतं. पण तीनचार नावांसाठी तेवढा खटाटोप नको.

डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या नोंदींवर डिजिटल सही, असेल तर आणखी एक गाठ आहे. बाहेरचा झोन सहीचा असताना आतला त्याच नावाचा झोन बिनसहीचा असला, तर पडताळणी करणारा रिझॉल्व्हर (नावाचं उत्तर शोधून आणणारा सर्व्हर) आतलं उत्तर खोटं समजून टाकून देतो. उपडोमेनच्या बाबतीतही हे होतं: बाहेरचा मूळ झोन सही करून सांगतो की 'एडी' असं काही नाहीच. अनबाउंडमध्ये 'डोमेन-इनसिक्युअर', बाइंडमध्ये 'व्हॅलिडेट-एक्सेप्ट' या ओळीत ते नाव घाला.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं नाव बदलायचं का

'रेंडम' नावाचं साधन आहे, पण डोमेनमध्ये एक्स्चेंज हा मेल सर्व्हर बसवलेला असेल तर मायक्रोसॉफ्ट हा बदल मानत नाही. नसला तरी प्रत्येक संगणक दोनदा रीस्टार्ट करावा लागतो, आणि ज्या कॉन्फिगरेशन फायलींत जुनं नाव आहे त्या तशाच राहतात. चाळीस शाखांत हे करू नये.

.लोकल किंवा जुन्या .कॉमवर आतलं काम नीट चालत असेल तर ते नाव राहू द्या आणि लोकांना दिसणारं लॉगिन तेवढं बदला:

१. 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन्स अँड ट्रस्ट्स' उघडा, सगळ्यात वरच्या ओळीवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये यूपीएनचा, म्हणजे ईमेलसारख्या दिसणाऱ्या लॉगिन नावाचा, सफिक्स म्हणून नमुना.बँक.इन जोडा.
२. आयटी विभागातल्या पाच जणांचं यूपीएन बदला. ते त्यांच्या ईमेल पत्त्याशी तंतोतंत जुळायला हवं.
३. आठवडाभर बघा. यूपीएनवरून ओळख पटवणारी ॲप्स आणि यूपीएन लिहिलेली सर्टिफिकेटं इथे पकडली जातात.
४. मग पॉवरशेलने शाखावार बदला. 'डोमेन\वापरकर्ता' असं जुनं लॉगिन चालूच राहतं, त्यामुळे काउंटरवर गोंधळ होत नाही.

क्लाउडच्या मेलशी खाती जोडायची असतील तर ही पायरी टाळता येत नाही. .लोकलचं यूपीएन तिथे पडताळता येत नाही आणि खात्यांना पुरवठादाराचं लांबलचक मूळ डोमेन चिकटतं. खरंखुरं नवं फॉरेस्ट, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीची पूर्ण नवी उभारणी, एडी.नमुनानेट.इन वर, पुढच्या सर्व्हर खरेदीबरोबर उभारा आणि शाखा एकेक करून हलवा.

बाहेरचा झोन

अधिकृत सर्व्हर किमान दोन, वेगळ्या नेटवर्कवर. त्यांच्यावर रिकर्शन, म्हणजे दुसऱ्यांची नावं शोधून देणं, बंद. आतल्या डोमेन कंट्रोलरचा बाहेरच्या झोनशी काहीही संबंध नको, आणि एडी.नमुनानेट.इन ची एनएस नोंद (त्या नावाचा डीएनएस सर्व्हर कोणता हे सांगणारी) बाहेर टाकू नका. घरून लॅपटॉपने ते नाव विचारलं तर 'नाही' हेच उत्तर योग्य. व्हीपीएन लागल्यावर विंडोजमध्ये एनआरपीटी या नावांच्या नियमांच्या तक्त्याने फक्त त्या एका नावाची विचारणा आत पाठवा.

जुन्या नावावरून नव्यावर जाताना बदलाच्या दोन दिवस आधी टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद धरून ठेवायचं ती मुदत, ३६०० वरून ३०० वर आणा. जुना टीटीएल ८६४०० असेल तर आदल्या रात्री कमी करून उपयोग नाही, कारण जगभरच्या रिझॉल्व्हरांनी जुनं उत्तर दिवसभरासाठी धरून ठेवलेलं असतं. बदलानंतर आठवड्याने परत ३६००.

मुळाच्या नावावर सीनेम चालत नाही, कारण तिथे एसओए आणि एनएस नोंदी आधीच असतात. एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस विचारणा झाल्या की पूर्ण नोंदच निकामी ठरते. मेल, एसएमएस कंपनी, पगारपत्रकाची सेवा असं एकेक 'इन्क्लूड' वाढत जातं आणि अकराव्याला ओटीपीच्या मेल स्पॅममध्ये जातात. डीमार्क आधी 'नन' वर ठेवून अहवाल वाचा, सगळे पाठवणारे सापडले की 'क्वारंटाइन', मग 'रिजेक्ट'. सीएए नोंदीत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून बँकेच्या नावाचं सर्टिफिकेट निघणार नाही.

जुनं नमुनाबँक.कॉम सोडून देऊ नका. ते सुटलं की दुसरं कुणीतरी घेऊन त्यावर येणाऱ्या मेल वाचू शकतं, आणि जुन्या पत्त्यावर नोंदलेल्या कितीतरी खात्यांचे पासवर्ड बदलू शकतं. संकेतस्थळ ३०१ ने नव्या नावाकडे वळवा, मेल पत्ते टोपणनाव म्हणून चालू ठेवा. नमुनानेट.इन वर मेल येणार-जाणारच नसेल तर तिथे एमएक्स या मेलच्या नोंदीत नुसतं टिंब, एसपीएफमध्ये फक्त 'वजा ऑल' आणि डीमार्क 'रिजेक्ट' टाका. नाहीतर त्या नावाने खोट्या मेल पाठवणं सोपं होतं.

सर्टिफिकेट

आतल्या, न नोंदलेल्या नावांना सार्वजनिक सर्टिफिकेट देणं नोव्हेंबर २०१५ पासून बंद आहे आणि उरलीसुरली ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द झाली. डोमेनला जोडलेल्या विंडोज संगणकांसाठी स्वतःची प्रमाणपत्र व्यवस्था, म्हणजे एडीसीएस, पुरते. टॅबलेट, बाहेरच्या एजंटांचे मोबाइल वगैरेंसाठी सार्वजनिक सर्टिफिकेट सोयीचं, आणि इथे विकत घेतलेलं डोमेन कामाला येतं. डीएनएस-०१ पद्धतीत बाहेरच्या झोनमध्ये एक टेक्स्ट नोंद टाकून मालकी सिद्ध होते, सर्व्हर इंटरनेटवर उघडावा लागत नाही.

सार्वजनिक सर्टिफिकेटवरचं प्रत्येक नाव मात्र कुणालाही वाचता येणाऱ्या नोंदवहीत जातं. 'व्हॉल्ट-डीबी-०१' तिथे दिसावं असं वाटत नसेल तर वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या उपनावांना मिळून एकच सर्टिफिकेट, घ्या. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस आहे. कॅलेंडरमध्ये आठवण लावून हाताने नूतनीकरण करणं यापुढे निभणार नाही.

तपासणी

तीन जागांवरून बघायचं: मुख्य कार्यालय, सगळ्यात मंद लाइन असलेली शाखा आणि मोबाइल डेटावरचा फोन.

आतून 'एनएसलुकअप' मध्ये प्रकार एसआरव्ही (सेवेची नोंद) ठेवून '_एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.एडी.नमुनानेट.इन' विचारा. तिन्ही कंट्रोलर यायला हवेत. चौथा आला तर तो कधीकाळी काढून टाकलेल्या सर्व्हरची राहिलेली नोंद आहे, आणि काही संगणकांचं लॉगिन अधूनमधून त्याच्यावर जाऊन अडकत असणार. कंट्रोलरवर 'डीसीडायग' डीएनएस चाचणीसह चालवा. फोनवरून तेच नाव विचारल्यावर काहीही मिळता कामा नये. आतून १२७.०.५३.५३ असा पत्ता कधी दिसला तर समजा की तुमचं आतलं नाव बाहेर कुणाच्या तरी खऱ्या नावावर आदळतंय. आयकॅनने नव्या शेवटच्या नावांसाठी तो पत्ता मुद्दाम इशारा म्हणून ठेवला होता.

घरच्या वायफायवरून एखादं सार्वजनिक नाव १० किंवा १९२.१६८ च्या पत्त्याकडे जात असेल तर काही राउटर ते उत्तर रीबाइंडिंग हल्ला समजून गिळून टाकतात. 'माझ्याकडे उघडतं, मॅनेजर साहेबांच्या घरी उघडत नाही' अशी तक्रार आली तर आधी बाहेरच्या झोनमध्ये चुकून खासगी पत्ता गेलाय का बघा.

शेवटी तो चार रकान्यांचा तक्ता पुन्हा उघडा, प्रत्येक डोमेनपुढे रजिस्ट्रार लॉक आणि आपोआप नूतनीकरण चालू असल्याची खूण करा, आणि त्याची छापील प्रत बँकेच्या तिजोरीत ठेवा. नेटवर्क बंद असताना शेअर्ड फोल्डरमधला तक्ता कुणालाच उघडत नाही.